नोंद आणि सांगणारा: रोजच्या जगण्याच्या नोंदकर्त्यांशी संवाद

रोजच्या जगण्याची नोंद आपोआप होत नाही. राज्यकारभाराला सनद लागते, वतनाच्या तंट्याला महजर लागतो, सारा वसूल करायला हिशेबाची वही लागते. म्हणून अशी कागदपत्रे दफ्तरखान्यांत शतकानुशतके साठत गेली. पहाटे जात्यावर बसलेल्या दोघीजणी काय गात होत्या, गिरणीच्या वेगवेगळ्या पाळ्यांतले कामगार एकाच खोलीत आळीपाळीने कसे झोपत होते, तमाशाच्या राहुटीत तान्ही पोरे कोण सांभाळत होते, हे टिपून ठेवण्याची गरज कोणत्याच दफ्तराला पडली नाही. ही माहिती माणसांच्या तोंडी राहिली आणि बहुतेक वेळा माणसांबरोबरच गेली. जी उरली, ती कोणीतरी मुद्दाम जाऊन, शेजारी बसून, विचारून आणि ऐकून घेतली म्हणून उरली.

असे काम करणाऱ्यांना येथे नोंदकर्ते म्हटले आहे. त्यांत सरकारी अधिकारी आहेत, पत्रकार आहेत, चळवळीतले कार्यकर्ते, छायाचित्रकार, भाषांचे अभ्यासक आणि जुन्या वस्तू जमवणारे संग्राहकही आहेत. त्यांची साधने निराळी असली तरी कामाची रीत एकच, आणि ती म्हणजे संवाद. छापून आलेल्या पुस्तकात या संवादाचा शेवट तेवढा दिसतो. प्रश्न कोणी विचारला, दार पहिल्यांदा कसे उघडले, काय सांगायचे राहिले आणि सांगणाऱ्याचे नाव लिहिले की गाळले, हे सहसा पुस्तकाबाहेर राहते. नोंदकर्त्यांना बोलते करायचे ते एवढ्यासाठी. या विषयाचा मराठी मुलखातला इतिहास पाहिला, की नोंदीचे मोल सांगणाऱ्याच्या नावाशी किती बांधलेले असते ते ध्यानात येते.

या इतिहासाची सुरुवात मराठी गद्याच्या सुरुवातीलाच होते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. हे काम एका जागी बसून होण्यासारखे नव्हते. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन प्रसंग विचारायचे, नागदेवाचार्यांसारख्या ज्येष्ठांकडून ते पडताळून घ्यायचे आणि मग लिहायचे, अशी ही रीत होती. त्यामुळे या ग्रंथात तत्त्वज्ञान आहे तसे जेवणखाण, रस्त्यावरची भेट, भक्तांचे रुसवेफुगवे आणि बाजारातली बोलणीही आहेत. बाइसा आणि महदाइसा या स्वामींच्या शिष्या येथे स्वतःच्या शब्दांत बोलतात. यादवकाळातील सामान्य बायामाणसे कशी बोलत होती, हे कळायला त्याइतके जिवंत दुसरे साधन नाही. मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि आठवणीतून पुन्हा सिद्ध करावी लागली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या वेळी एकाच लीळेचे, म्हणजे प्रसंगाचे, वेगवेगळे पाठ पुढे आले. परंपरेने ते एकात मिसळून टाकले नाहीत; कोणता पाठ कोणाच्या आठवणीतला, याची खूण जपली. सांगणाऱ्याचे नाव ठेवण्याची ही शिस्त सातशे वर्षांपूर्वीची आहे.

इंग्रजी अमलात नोंदी अतोनात वाढल्या, पण ही शिस्त सुटली. गॅझेटियरांचे जाडजूड खंड निघाले. आर. ई. एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातील जातीजमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत माणसांऐवजी जाती दिसतात. अमुक जात काय खाते, कोणता देव पुजते, लग्नात काय करते, हे सारे असते. सांगणारा माणूस मात्र कुठे सापडत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अख्ख्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्या जमातींविषयी जे लिहिले गेले ते बंदोबस्तासाठी लिहिले गेले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या आणि तिथल्या माणसांची नोंद म्हणजे हजेरी, एवढाच अर्थ उरला.

याच काळात मराठीत एक मोठे पुस्तक झाले. महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. कुणबी, पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, अलुतेदार आणि गावोगाव फिरणारे फिरस्ते यांचा परस्परांशी व्यवहार कसा चालतो, हे त्यात बारकाईने मांडले आहे. खळ्यावर धान्य वाटताना बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी कशा लागतात, कोण काय मागून नेतो, सण आणि लग्न यांतला हक्क कोणाचा, हे तपशील एरवी कागदावर आलेच नसते. आत्र्यांची भाषाही शेतातली, चावडीवरची आहे. तरीही त्यांची नजर कारभाऱ्याची आहे. त्यांचेच ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तक १९११ साली आले होते, आणि भटक्यांबद्दल तो काळ जसा विचार करी तोच विचार ‘गावगाड्या’तही डोकावतो. फिरस्त्यांचा गावाला होणारा उपद्रव तिथे सविस्तर कळतो. फिरस्त्याला गाव कसे दिसते ते कळत नाही. गावगाड्याचा अभ्यास आजही या पुस्तकावाचून होत नाही, आणि ही उणीव ओळखल्यावाचून ते नीट वाचता येत नाही.

उणीव भरून निघायला सहा-सात दशके गेली. १९५२ साली गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. त्यांतील मुले शिकली, लिहू लागली. कैकाडी समाजात वाढलेल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाढवावर लादलेला संसार, फोकाच्या टोपल्या, पालावरची पंचायत, रात्री-अपरात्री पडणारी पोलिसांची धाड, हे आता ज्याच्यावर बेतले तोच सांगू लागला. येथे नोंदकर्ता आणि सांगणारा एकच आहे. जातींच्या खंडांत ज्याला नाव नव्हते, त्याचे नाव आता पुस्तकाच्या वेष्टनावर छापले गेले.

याच सुमारास वार्तांकनाचे एक नवे वळण मराठीत रुजले. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी हमाल, विडी कामगार, भटके, वाघ्या-मुरळी यांच्यावर लिहिताना आकडेवारीआधी माणूस समोर आणला. ते ओझे किती किलोचे विचारत, ते कोणत्या मणक्यावर येते हेही विचारत आणि घरी गेल्यावर अंग कोण चोळून देते इथपर्यंत पोहोचत. ‘माणसं’ हे पुस्तकाचे नावच त्यांची पद्धत सांगते. वाक्ये छोटी आणि साधी. वाचकाला लेखकाच्या बुद्धीपेक्षा समोरच्याचे बोलणे आधी ऐकू यावे, अशी. पुढच्या पिढीतल्या अनेक पत्रकारांनी हाच धडा गिरवला.

स्त्रियांच्या बाबतीत नोंदीचा अभाव दुहेरी होता. चळवळीचा इतिहास लिहिला गेला तेव्हाही सभेतल्या बायकांची फक्त संख्या आली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध झाले. परिषदा भरवणाऱ्या, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या, वसतिगृहे चालवणाऱ्या या स्त्रिया तोवर वृद्ध झाल्या होत्या. अशा मुलाखतींत एक अडचण हमखास येते. ‘मी काय मोठे केले?’ या प्रश्नाने बोलणे सुरू होते, आणि घरातला पुरुष शेजारी बसला की उत्तर तोच देऊ लागतो. म्हणून मुलाखत कुठे झाली आणि तेव्हा शेजारी कोण होते, हेही नोंदीचाच भाग असते. या दोघींनी नावानिशी स्त्रिया पुढे आणल्या नसत्या, तर त्या चळवळीचा अर्धा इतिहास सभेच्या छायाचित्रातल्या अनोळखी चेहऱ्यांपुरता उरला असता.

मुंबईचे गिरणगाव हे नोंदकर्त्यांच्या कामाचे दुसरे मोठे क्षेत्र. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, शिवडी या भागात कोकण आणि घाटावरून आलेल्या माणसांनी शंभरांहून अधिक वर्षे एक स्वतंत्र जग उभे केले. एका गावचे पुरुष मिळून एक गाळा भाड्याने घेत. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकी. वळकटी भिंतीच्या खुंटीला आणि ट्रंक माळ्यावर. जेवण खानावळवालीकडे, पैसे पगाराच्या दिवशी. त्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कचाट्यात होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. व्यायामशाळा, भजनी मंडळे, गणेशोत्सवातले मेळे, लालबागच्या हनुमान थिएटरातला तमाशा, अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक, हे सारे याच वस्तीत फुलले. भोंग्यावर घड्याळ लावणारे हे जग होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी या वस्तीत फिरून कामगार, त्यांच्या घरच्या बायका, युनियनचे कार्यकर्ते, खानावळवाल्या, कलावंत यांना बोलते केले. त्यांचा मौखिक इतिहास २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि पुढे मराठीतही आला. त्याच्या शीर्षकातच शंभर वर्षे आणि शंभर आवाज यांची जोडी आहे. या आवाजांचे एकमेकांशी पटत नाही. कोणाला संप योग्य वाटतो, कोणाला घातक. कोणी नेत्याला दोष देतो, कोणी मालकाला, कोणी सरकारला. लेखिकांनी ही भांडणे मिटवण्याचा प्रयत्न केलेला नाही. प्रत्येक म्हणणे ज्याचे त्याच्या नावावर ठेवले आहे, आणि म्हणून वाचकाला स्वतः निर्णय करता येतो. लीळांचे पाठ वेगळे ठेवणाऱ्यांची दृष्टी येथे पुन्हा भेटते.

शब्दांनी सगळेच टिपता येत नाही. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून छायाचित्रे काढली. ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ या पुस्तकात रंगमंचावरच्या बतावणीइतकीच राहुटीतली झोप, चूल, आरसा आणि प्रवासाची मोटारही आहे. चैत्रातल्या जत्रांआधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी ठरवायला येतात, हा व्यवहार पाहिल्यावर तमाशा ही कला तशीच एक मोठी रोजंदारीही आहे हे कळते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. शहर उठण्याआधी गटारात उतरणारी ही माणसे शहराला दिसत नव्हती. ती त्यांच्या घरांसह, कुटुंबांसह दिसू लागली.

वस्तूही बोलतात. पुण्यात दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, टाचा घासायच्या वज्री, फण्या, पानदाने, भांडी, दरवाजे अशा सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या आणि दिवंगत मुलाच्या नावे उभारलेले ते संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. गोव्यात बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी ‘गोवा चित्र’ संग्रहालयात शेतीची आणि कारागिरांची अवजारे मांडली. अशा संग्राहकाशी बोलताना वस्तूच्या वयाहून महत्त्वाचा प्रश्न एकच असतो: ही कोणाच्या घरातून आली आणि ती देताना त्या घरातली बाई काय म्हणाली? उत्तर वहीत नसेल तर वज्री ही नुसती नक्षीची धातूची वस्तू उरते; न्हाणीघरातली टाच आणि तो हात दोन्ही हरवतात.

भाषांचे तसेच आहे. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातील महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जनगणनेच्या तक्त्यात ज्या भाषांना ओळ मिळत नाही, त्या आदिवासी आणि भटक्या समूहांच्या भाषांचे शब्द, नाती, रंग, गाणी त्यात आली. ती लिहिणाऱ्यांत त्या त्या भाषा बोलणारी माणसे होती, हे या कामाचे वेगळेपण.

या सर्व कामांतून काही कठीण प्रश्न उभे राहतात, आणि नोंदकर्त्यांशी संवाद करताना तेच विचारण्यासारखे आहेत. पहिला प्रश्न परवानगीचा. नाव छापल्याने एखाद्याचा मान वाढतो, तर एखाद्याची नोकरी किंवा मुलीचे लग्न अडते. अशा वेळी नाव झाकणे हाच सन्मान असतो. पण तो निर्णय सांगणाऱ्याचा हवा. दुसरा प्रश्न भाषेचा. बोली ‘शुद्ध’ करून छापली की माणूस बदलतो. तिसरा प्रश्न परतफेडीचा. पुस्तक, छायाचित्र किंवा ध्वनिफीत ज्याची आहे त्याच्या हाती परत गेली का? चौथा प्रश्न वगळलेल्याचा. प्रत्येक नोंदकर्त्याकडे न छापलेली वही असते, आणि अनेकदा महत्त्वाची गोष्ट त्या वहीत असते. पाचवा प्रश्न साधा, पण तातडीचा: कॅसेटी, निगेटिव्ह आणि वह्या आज कुठे आहेत? कॅसेटला बुरशी येते, निगेटिव्ह चिकटतात, आणि माळ्यावरची वही आवराआवरीत रद्दीत जाते. संस्थेपेक्षा घरात साठलेला असा ऐवज मोठा आहे, आणि तो कशाचा आहे हे ओळखणारा माणूस बहुधा एकच असतो.

या प्रश्नांना पुरी पडणारी पद्धत कशी असते, हे जात्यावरच्या ओव्यांच्या कामात दिसते. ओव्या गोळा करण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या संकलित केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या मार्फत खंडामागून खंड काढले. त्या संग्रहांनी ओवीला ग्रंथात जागा दिली, पण तिथे बहुतेक ओव्या ‘लोकां’च्या असतात, अमुक ओवी कोणत्या बाईची, हे वाचकाला कळत नाही. पुण्यातील हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवाँ हे मुळशीच्या डोंगराळ भागात कष्टकऱ्यांच्या संघटनेचे काम करत होते. बायका सभेत गप्प राहत आणि ओवीत मोकळ्या होत, हे त्यांच्या लक्षात आले. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ओव्या लिहून घेतल्या. नंतर बर्नार बेल यांच्या साहाय्याने गळे ध्वनिमुद्रित झाले आणि संगणकावर सूची तयार झाली. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांच्या वर गायिका, असा हा साठा आहे. माय-लेक, भाऊ, सासुरवास, पंढरीची वाट, सीतेचा वनवास असे विषय त्यात येतात. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत.

हे काम वेळेवर झाले. गावात पिठाची गिरणी आली आणि दळणाचा पहाटेचा घाम वाचला. त्याबरोबर ओवीची वेळही गेली. लग्नाची हळद दळण्यापुरते जाते उरले. १९८० नंतर वीस वर्षांनी कोणी विचारायला गेले असते, तर अनेक गळे मिटलेले असते.

या साठ्यात प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि तालुका लिहिलेला आहे. गी पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमा राईरकर २०१० साली. त्यानंतर पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा आपल्याकडे घेतला आणि २०१७ पासून तो लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. संग्रहातली मंडळी नुसत्या ध्वनिफिती प्रसिद्ध करून थांबली नाहीत. वहीतले नाव आणि गाव घेऊन मुळशीत आणि मराठवाड्यात पुन्हा गेली. काही गायिका हयात नव्हत्या. ज्या होत्या, त्यांनी वीस वर्षांपूर्वी आपण काय गायिले ते ऐकले, आणि जाते पुढे ओढून पुन्हा गायिले.